वाचक विचारतात : सहावीच्या निरोपाच्या खुर्च्या मांडतं कोण?

फेब्रुवारी संपत आला की जपानमधल्या मराठी आईवडिलांची पत्रं वाढतात आणि त्यांच्यासोबत इकडच्या आजीआजोबांचीही. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं, प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, आणि मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात कधीतरी सहावीच्या प्रत्येक मुलाला मुख्याध्यापकांच्या हातून सर्टिफिकेट देऊन निरोप देतात. यावेळी गंमत अशी की भाषणं, कपडे, फोटो ह्याबद्दल फारसं कुणी विचारलंच नाही, बहुतेक प्रश्न हॉलबद्दलच आलेत. म्हणून सगळे एकत्र घेतले.

प्रश्न : माझी मुलगी टोकियोच्या एदोगावा भागात सरकारी शाळेत पाचवीत आहे. शाळेतून चिठ्ठी आलीये की सहावीच्या समारंभाच्या आदल्या दिवशी बाकीचे वर्ग जेवून लवकर घरी जाणार पण पाचवी थांबणार, "तयारीसाठी". समारंभ तिचा नाहीच, मग तिनेच का थांबायचं?
– एक आई, निशी-कासाई

ताई, पाचवीच थांबणार कारण एप्रिलपासून शाळेतली सगळ्यात मोठी मुलं तीच असणार. सहावीवाले त्या दिवसाचे उत्सवमूर्ती, त्यांना कामाला कसं लावणार, आणि पहिली-दुसरीच्या पोरांना लोखंडी खुर्ची उचलायला सांगितली तर आधी बोटं चेमटतील. मोठ्या कामाला कधी कधी चौथीलाही घेतात, पण मुख्य भार पाचवीवर. बऱ्याच शाळांत समारंभाला हॉलमध्ये बसायचा मानही खालच्या वर्गांपैकी पाचवीलाच मिळतो, बाकी सगळ्यांच्या वतीने. म्हणजे तुमची लेक आदल्या दिवशी खुर्च्या मांडणार, दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका खुर्चीवर ताठ बसून राहणार आणि सगळे फोटो काढून गेले की आवरायला पण बहुतेक तिचाच वर्ग.

दुपारी नेमकं काय चालतं ते सांगतो. समारंभाची जबाबदारी एका शिक्षकाकडे असते आणि त्यांनी हॉलचा नकाशा आधीच काढून सगळ्या स्टाफला दिलेला असतो, कोणती रांग कुठे, रांगेत किती खुर्च्या, माइक कुठे, पियानो कुठे, फुलं कुठे, पाहुणे कोणत्या बाजूला. त्या कागदाप्रमाणे मुलांचे गट पडतात. एक गट हॉलमध्ये, एक सहावीच्या वर्गांत, कुणी जिना आणि कॉरिडॉर, कुणी दारापाशी जिथे बूट ठेवायची कपाटं असतात तिथे, आणि हो, टॉयलेटला पण एक गट असतो. दचकू नका, तिथे मुलं एरवीही शाळा झाडतात-पुसतात, तुम्हाला ते माहीतच असेल, तेव्हा त्यात त्यांना वेगळं काही वाटत नाही. वाटलं तर आपल्यालाच वाटतं.

सहावीचा वर्ग सजवायचं काम मात्र सगळ्यांना हवं असतं. फळ्यावर रंगीत खडूंनी अभिनंदन लिहायचं, पातळ कागदाची फुलं चिकटवायची, कागदी साखळ्या लावायच्या. काही वर्गशिक्षक तर मुलं गेल्यावर संध्याकाळी थांबून अख्खा फळा भरून चित्र काढतात. सहावीला त्या दिवशी लवकर घरी पिटाळतात ते ह्याचसाठी, सजलेला वर्ग त्यांना सकाळी दारातून आत येतानाच दिसावा म्हणून. तुमच्या लेकीच्या वाट्याला हे काम आलं तर नशीब. हॉल आला तर संध्याकाळी तिचे हात दुखतील, गरम पाणी तयार ठेवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. एका जपानी शाळेच्या समारंभाचा व्हिडिओ बघितला, खुर्च्यांच्या रांगा अशा सरळ की पट्टी लावून बघावं. हे मशिनने करतात का? आणि इतक्या खुर्च्यांचं भाडं शाळेला परवडतं कसं? आमच्याकडे मांडववाला शंभर खुर्च्या टाकून जातो आणि पुढचं आम्ही बघतो.
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

सर, मशिन वगैरे काही नाही, दोरी! गवंडी भिंतीला धरतो तशी. रांगेच्या दोन टोकांना शिक्षक टेप लावून एकेक खुर्ची पक्की करतात, दोघं जण मध्ये दोरी ताणून धरतात आणि बाकीच्या खुर्च्यांचे पुढचे पाय त्या दोरीला टेकवायचे. आडवी रांग झाली की उभी बघायची, त्यासाठी एक पोरगं पुढे उकिडवं बसून एक डोळा मिटून ओरडत असतं की तिसरी जरा उजवीकडे, नाही नाही इतकी नको. ह्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि मुलांना हेच आवडतं असं माझं निरीक्षण आहे कारण ह्यात मोठ्या माणसांच्या चुका काढता येतात.

पण खुर्च्यांच्या आधी जमीन. समारंभ होतो तो शाळेच्या ताईइकुकानमध्ये, म्हणजे खेळाचा इनडोअर हॉल, एका टोकाला स्टेज, खाली चकचकीत लाकडी फ्लोअर आणि त्यावर बास्केटबॉल-बॅडमिंटनच्या रंगीत रेघा. त्या लाकडावर लोखंडी खुर्च्या सरकल्या तर ओरखडे पडणार, म्हणून आधी हॉल झाडून पुसून त्यावर जाड प्लास्टिकच्या शीट अंथरतात, बहुतेक हिरव्या. मोठमोठे रोल असतात, ते मुलांनी मिळून उलगडायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, दोन शीट जिथे मिळतात तिथे टेप मारायचा, नाहीतर सर्टिफिकेट घ्यायला निघालेलं पोरगं सगळ्यांसमोर अडखळणार. रेघा शीटखाली जातात, मग शीटच्या कडाच मापाला वापरतात. मधला रस्ता, ज्यावरून सहावीची मुलं आत येतात, तिथे बऱ्याच ठिकाणी लाल कार्पेट.

आणि भाडं नाहीच, खुर्च्या शाळेच्याच. स्टेजच्या पोटात लांबच लांब बुटक्या ट्रॉल्या सरकवून ठेवलेल्या असतात, ड्रॉवरसारख्या बाहेर ओढायच्या, त्यात फोल्डिंगच्या खुर्च्या ओळीने पडलेल्या. मला विचाराल तर जपानी शाळेच्या इमारतीतली सगळ्यात हुशार जागा हीच. एका मुलाने दोन हातांत दोन खुर्च्या घेऊन जायचं, वाऱ्या चालू. हिशोब करून बघा, वर्गाची मर्यादा 2021 साली कायदा बदलून 35 वर आणायला घेतली, दोन तुकड्यांची सहावी धरली तर 70 मुलं, प्रत्येकाचे दोन पालक म्हणजे 140, पाचवीचे 70, वर शिक्षक आणि पाहुणे, म्हणजे 300 खुर्च्या सहज लागतात. सत्तर पोरांना हे काम एका दुपारचं.

सगळ्या खुर्च्यांमधलं अंतर सारखं नसतं हे व्हिडिओत कळत नाही. पालकांच्या खुर्च्या चिकटून, सहावीच्या ऐसपैस, कारण त्या मुलांना एकदम उठायचं, कमरेत वाकायचं, एकदम बसायचं असतं, आणि हल्ली बऱ्याच मुली हाकामा म्हणजे किमोनोवर नेसायचा तो घेरदार प्रकार घालून येतात, त्याला जागा लागते. प्रत्येक खुर्चीवर छोटा नंबर चिकटवलेला असतो, नावं पुकारायच्या क्रमाने. स्टेजच्या पायऱ्यांपाशी जमिनीवर टेपच्या खुणा, इथे थांब, इथे वळ. सहावीने त्यावर आधी बऱ्याच तालमी केलेल्या असतात, शेवटी एक रंगीत तालीम पाचवीसकट.

जे काम मुलांना देत नाहीत ते म्हणजे उंचीवरचं. पडदे बांधणं, मागच्या भिंतीवर झेंडे लावणं, हे शिक्षक करतात. आणि हीटर. मार्चमध्ये हॉल बर्फासारखा गार असतो, म्हणून केरोसिनवर चालणारे मोठे फुंकणारे हीटर पहाटेपासून लावतात आणि समारंभ सुरू झाला की बंद, कारण त्यांच्या घरघरीत मुलांची नावं ऐकू येत नाहीत. आता हळूहळू एसी बसतायत, त्याचं एक कारण असं की आपत्तीत हाच हॉल गावाचा निवारा होतो. 11 मार्च 2011 चा भूकंप आणि त्सुनामी नेमकी समारंभांच्या तोंडावर आली, ईशान्येकडच्या कितीतरी शाळांच्या हॉलमध्ये घरं गेलेली माणसं झोपलेली होती, मग सर्टिफिकेटं कुठे वर्गात दिली, कुठे काही आठवडे उशिरा.

प्रश्न : आमची दोन नातवंडं जपानात, एक योकोहामाला, एक ओसाकाकडे. गेल्या वर्षी एकाच्या शाळेत मुलं स्टेजकडे तोंड करून बसलेली, आम्हाला व्हिडिओत नुसत्या पाठी. दुसऱ्याच्या शाळेत मुलं चक्क पालकांकडे तोंड करून. खरी पद्धत कोणती?
– एक आजी, पुणे

आजी, तुम्ही नेमकं वर्मावर बोट ठेवलंत. माझ्या मते त्या हॉलमध्ये ठरवण्यासारखी खरी गोष्ट एकच, कोणाचं तोंड कोणाकडे. बाकी पडदे, फुलं, कार्पेट सगळीकडे जवळपास सारखं.

जुनी पद्धत अशी की सगळे स्टेजकडे बघणार. पुढे सहावी, त्यांच्यामागे पाचवी, त्यांच्यामागे पालक, स्टेजवर टेबल, टेबलामागे मुख्याध्यापक, त्यांच्या पाठीशी भिंतीवर झेंडे. मूल पायऱ्या चढून वर जातं, सर्टिफिकेट घेतं, आईला पाठ दिसते आणि खाली उतरताना घाईघाईने चेहरा. दुसरी पद्धत समोरासमोरची. सहावी आणि पाचवी एकमेकांकडे तोंड करून, कधी सर्टिफिकेट स्टेजवर न देता खाली फ्लोअरवरच देतात, कधी सहावीला पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी फळ्यांवर पालकांकडे तोंड करून उभं करतात. प्राथमिक शाळांना ही मांडणी सोयीची पडते कारण त्यांच्या समारंभात एक मोठा भाग असतो, मुलं एकेक वाक्य आळीपाळीने मोठ्याने म्हणतात, सहा वर्षांच्या आठवणी, एकाचं वाक्य संपलं की दुसऱ्याचं, मध्येच सगळे मिळून, आणि पाचवीकडून उत्तर येतं. आता हे एकमेकांना पाठ करून कसं म्हणणार. काही शाळा मग मधला मार्ग काढतात, सर्टिफिकेटपर्यंत स्टेजकडे तोंड आणि नंतर सहावीच्या खुर्च्या अर्ध्या वर्तुळात फिरवायच्या, ते फिरवणंसुद्धा तालमीत बसवलेलं असतं, एक दोन तीन की सगळे एकदम.

आता हे नुसत्या सोयीचं राहिलं नाही ते टोकियोत. तिकडे राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत हा शिक्षक संघटना आणि शिक्षण खातं ह्यांच्यातला जुना वाद, युद्धाच्या आठवणी त्याला चिकटलेल्या. 1989 च्या अभ्यासक्रमात समारंभात झेंडा लावायचा आणि राष्ट्रगीत म्हणायचं हे पक्कं केलं, 1999 साली ध्वज-गीताचा कायदा झाला, आणि 23 ऑक्टोबर 2003 ला टोकियोच्या शिक्षण मंडळाने एक परिपत्रक काढलं ज्यात हॉलची मांडणीच लिहून दिली. झेंडा स्टेजवर समोर, बघणाऱ्याच्या डावीकडे राष्ट्रध्वज, उजवीकडे टोकियोचा झेंडा, टेबल स्टेजवरच, सर्टिफिकेट स्टेजवरच, मुलांनी तोंड पुढेच करून बसायचं, शिक्षकांनी ठरलेल्या जागी झेंड्याकडे तोंड करून उभं राहून गायचं. खुर्च्या कशा मांडायच्या ह्याचा सरकारी हुकूम!

हे परिपत्रक टोकियो महानगराच्या थेट ताब्यातल्या शाळांना होतं, म्हणजे मुख्यतः हायस्कूलं आणि दिव्यांग मुलांच्या शाळा, तुमच्या नातवाच्या प्राथमिक शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. पण सगळ्यात वाईट वाटतं ते त्या दिव्यांग मुलांच्या शाळांचं. तिथे खाली फ्लोअरवरच समारंभ करायची पद्धत होती, व्हीलचेअरवरचं मूल स्वतःच्या ताकदीने पुढे यायचं, आणि एकदम सगळं स्टेजवर गेलं, मग उतार बांधा, ढकलायला माणूस द्या. उभं न राहिलेल्या, न गायलेल्या 400 हून जास्त शिक्षकांवर पुढच्या काळात कारवाई झाली. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने उभं राहायचा हुकूम घटनेला धरून आहे म्हटलं, 2012 मध्ये मात्र पगारकपात, निलंबन अशा मोठ्या शिक्षा देताना हात आखडता घ्या असंही बजावलं.

तेव्हा आजी, खरी-खोटी पद्धत नाही, बाकी ठिकाणी शाळा आणि तिथलं शिक्षण मंडळ ठरवतं. माझं मत विचाराल तर मी समोरासमोरवाला. सहा वर्षं डबे-छत्र्या-प्रोजेक्ट ज्यांनी सांभाळले त्यांना त्या दिवशी पोराची मान आणि कॉलर बघायला लावायची हे काही मला पटत नाही.

प्रश्न : हॉलभर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पडदे कशासाठी? सर्कससारखं वाटतं.
– एक वाचक, रत्नागिरी

शुभकार्याचा रंग म्हणून. लाल-पांढरं म्हणजे तिकडे मंगल, आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तसाच पडदा असतो तो अंत्यविधीचा, तेव्हा अदलाबदल चालत नाही. काही शाळा लाल-पांढऱ्याऐवजी फिकट निळा-पांढरा लावतात, शांत दिसतो म्हणून. पडद्याचा दुसरा उपयोग कुणी बोलून दाखवत नाही पण असा की भिंतीवरच्या चढायच्या शिड्या, बास्केटबॉलचे डाग, स्टोअररूमची दारं सगळं झाकलं जातं. स्टेजवर एक भला मोठा पुष्पगुच्छ असतो तो विकतचा, पण खाली रस्त्याच्या कडेने ज्या पॅन्सीच्या वगैरे कुंड्या ठेवतात त्या बऱ्याचदा मुलांनीच हिवाळाभर पाणी घालून वाढवलेल्या. मला त्या जास्त आवडतात.

प्रश्न : हे सगळं वाचायला गोड आहे पण अकरा वर्षांच्या मुलांकडून हमाली करून घेणं, दोरीने खुर्च्या लावणं, एकदम उठा एकदम बसा, ही शिस्त आहे की कवायत? आपल्याकडे लोक जपानचं काहीही दिसलं की टाळ्या वाजवतात.
– एक वाचक, नागपूर

टाळ्यांबद्दल सहमत. आणि कवायत हा शब्द तिकडचे लोक पण वापरतात हं, मनातल्या मनात नाही, उघड. वाकायचा कोन, सर्टिफिकेट घेताना आधी कोणता हात, गार हॉलमध्ये तासन्‌तास तालमी, ह्यावर तिथले पालक आणि शिक्षक दोघंही कुरकुर करतात. अभ्यासक्रमात हे सगळं "विशेष उपक्रम" ह्या विषयाखाली येतं, म्हणजे अधिकृत शिक्षणच आहे, त्यामुळे शाळा ते मनावर घेते आणि कधी कधी जरा जास्तच घेते.

पण हमाली आणि कवायत ह्या दोन गोष्टी मी वेगळ्या काढेन. कवायतीबद्दल तुमचं म्हणणं मला बरंचसं मान्य. खुर्च्या उचलण्याबद्दल नाही. त्या दुपारी ती मुलं मजेत असतात, आरडाओरडा चालू असतो, आणि पुढच्या वर्षी ह्याच जागी आपण बसणार हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. 2020 मध्ये हे कळलं. 27 फेब्रुवारीला पंतप्रधान शिंझो आबे ह्यांनी कोरोनामुळे देशभरच्या शाळा 2 मार्चपासून बंद करायला सांगितल्या, समारंभ बऱ्याच ठिकाणी झाले पण पाचवी घरी, पाहुणे नाहीत, खुर्च्या लांब लांब, आणि मांडल्या शिक्षकांनी. त्या वर्षीची पाचवी पुढच्या मार्चला सहावी म्हणून हॉलमध्ये आली तेव्हा कितीतरी शाळांत त्यांनी तो समारंभ त्याआधी कधी डोळ्याने बघितलेलाच नव्हता. तेव्हापासून एक बरं झालं, बऱ्याच शाळांनी भाषणं आणि पाहुणे कापले ते परत वाढवले नाहीत. लांबलचक अभिनंदनाची भाषणं गेली म्हणून रडलेलं पोर मी अजून ऐकलं नाही.

प्रश्न : मुलगा सहावीत, समारंभ पुढच्या आठवड्यात. शाळेने लिहिलंय एका घरातले दोघंच. पण सासूबाई खास कोल्हापूरहून येतायत. तिघांनी गेलं तर? आणि काय काय न्यायचं?
– एक आई, साइतामा

ताई, न विचारता तिघं जाऊ नका. खुर्च्या मोजून मांडलेल्या असतात हे वर वाचलंतच. वर्गशिक्षकांना आजच चिठ्ठी पाठवा, आजी भारतातून आल्यात असं लिहा, काही शाळा मागे उभं राहायला किंवा लहान भावंडांसाठी ठेवलेल्या जागेत बसायला देतात. नाहीच म्हणाले तर सासूबाई आणि तुम्ही आत, आणि नवरोबा गेटवर. तसंही गेटजवळ समारंभाचं नाव लिहिलेली मोठी पाटी उभी असते आणि तिच्यासमोर फोटोसाठी लाइन लागते, समारंभानंतर तर विचारू नका, तेव्हा एक माणूस लाइनीत लागतोच.

न्यायचं म्हणजे स्लीपर, प्रत्येकाने आपापल्या, घरात घालतो तशा, कारण बूट बाहेर काढायचे. शिवाय एक पिशवी, काढलेले बूट तिच्यात घालून खुर्चीखाली ठेवायला. सासूबाईंना साडीच्या आत थर्मल आणि पायात जाड मोजे घालायला सांगा, हीटर बंद होतो हे लक्षात असू द्या, शाल मांडीवर घेतली तर कुणी काही म्हणत नाही. खिशात ठेवायच्या गरम पुड्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. व्हिडिओसाठी स्टँड चालतो का ते शाळेच्या पत्रात बघा, बऱ्याच ठिकाणी जागेवर बसूनच शूटिंग करायला सांगतात. आणि बसताना मधल्या रस्त्याच्या कडेची खुर्ची मिळाली तर घ्या, मुलं आत येताना आणि बाहेर जाताना तिथूनच जातात, शाळा पाठ दाखवणारी निघाली तरी चेहरा दोनदा मिळेल.